बारा व्होल्टची बॅटरी

ताई गॅरेजमध्ये मोटरींमध्ये तांब्याची तार गुंडाळायची आणि तिची धाकटी बहीण चिमी त्या मोटरी चालवणारी सर्किटं बनवायची. त्या सकाळी टेबलावर बेकरीतल्या पीठ मळायच्या यंत्राची मोटर होती. चिमीच्या नव्या बोर्डावर दोन इलेक्ट्रॉनिक स्विच होते, एक वरचा, एक खालचा. खालचा गुणी होता. वरचा थोडा वेळ सलग चालू राहिला की मान टाकायचा.

"त्याला तगवणारा, वीज साठवणारा कपॅसिटर खालचा स्विच लागला की भरतो," चिमी वैतागून म्हणाली. "वरचाच लागून राहिला, तर भरणार कधी?"

"मग दे ना त्याला वेगळी बॅटरी."

चिमीने दिली. गाडीच्या रिमोटमध्ये असते तसली, बारा व्होल्टची, बोटाच्या पेराएवढी. दोन तारांनी ती वरच्या स्विचला जोडली, चिकटपट्टीने बोर्डाच्या कडेला डकवली आणि बटण दाबलं. मोटर फिरली ती फिरतच राहिली.

"बघ, कशी सरळ आली!" चिमी म्हणाली.

मोटर थरथरत होती. चिकटपट्टी सुटली आणि बॅटरी तारांवर लोंबकळू लागली. ताईचा डावा हात मोटरच्या लोखंडी अंगावर होता. उजव्या हाताने तिने सहज बॅटरी सावरली.

बॅटरीवर तिची बोटं आवळली गेली. मान मागे गेली, दात घट्ट मिटले. चिमीला आधी वाटलं, ही थट्टा करतेय. मग तिला कळलं. ताईला ओढायला तिने हात पुढे केला, तसाच मागे घेतला आणि भिंतीवरचा मेन स्विच पाडला.

ताई स्टुलासकट खाली कोसळली.

"ताई! अगं ताई!"

"ओरडू नकोस," ताई कशीबशी म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शॉक कशाचा?"

"बॅटरीचा," ताई म्हणाली. "बारा व्होल्टच्या."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटांवरचे पांढरे चट्टे पाहिले, मग चिमीकडे पाहिलं. हृदयाचा आलेख ठीक निघाला, तरी संध्याकाळपर्यंत ताईला ठेवून घेतलं.

खाटेशी बसून चिमीने खालमानेनं सांगितलं, "बारा व्होल्ट फक्त बॅटरीच्या दोन टोकांमध्ये. वरच्या स्विचचा पाय जमिनीवर, म्हणजे शून्य व्होल्टवर, नसतो, मोटरच्या तारेवर असतो. तो लागला की ती तार बोर्डातल्या तीनशे व्होल्टवर जाते. तिच्याबरोबर अख्खी बॅटरीही."

"तुला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

"वेगळी बॅटरी दे, असं तूच म्हणालीस. वाटलं, तुला ठाऊक असेल."

इतकी वर्षं एकाच टेबलावर काम करून कोणाला काय ठाऊक आहे, हे दोघींनी एकमेकींना कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात चिमीने वरच्या स्विचसाठी बॅटरीऐवजी वेगळा वीजपुरवठा बनवला आणि सगळा बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात बंद केला. झाकणाला चार स्क्रू मारले. ताई दारातून म्हणाली, "आता आधी सांग. यातलं कशाकशाला हात लावायचा नाही?"

चिमीने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.