चार भोकांचा कार्बन

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, पण बिस्किटांचा नव्हे. माझ्या पोटात प्लास्टिकच्या गोळ्या आणि काड्या आहेत. काळी गोळी कार्बन, लाल ऑक्सिजन, पांढरी हायड्रोजन. काड्यांनी त्या जोडल्या की रेणू तयार होतो. काळ्या गोळीला भोकं चारच, कारण कार्बन चारच बंध करतो. माझं ज्ञान एवढंच, पण ते पक्कं आहे.

कॅनडातल्या विनिपेगच्या ओलेनाने मला विद्यापीठात शिकताना विकत घेतलं. तेव्हा माझा काय थाट होता! परीक्षा जवळ आली की पोरं मला मागायला तिच्या दारात येत. पुढे ती औषधांच्या दुकानात रुजू झाली आणि मी तळघरात, बर्फात घालायच्या बुटांशेजारी धूळ खात पडलो. एक लाल गोळी तर कुत्र्याने चावली. फार वाईट दिवस होते ते.

मग ओलेनाची भाची डॅरिया तिच्याकडे राहायला आली आणि तिने मला शोधून काढलं. असेंद्रिय रसायनशास्त्रात ती कशीबशी तरली होती, पण सेंद्रियने तिला एकदा चारी मुंड्या चीत केलं होतं. आता पुन्हा नापास झाली, तर औषधशास्त्राचं दार कायमचं बंद होणार होतं.

तिची खोड एकच. कागदावर कार्बनला जोडलेले हायड्रोजन बहुतेकदा काढत नाहीत, ते मनात धरायचे असतात. डॅरिया ते धरायलाच विसरे आणि कार्बनला पाचवा बंध चिकटवून मोकळी होई.

"तुझा कार्बन भलताच मायाळू गं," सोबत अभ्यास करणारा नोएल चिडवायचा. "येईल त्याला कडेवर घेतो!"

"हस तू. यंदा पास होऊनच दाखवते," ती म्हणायची आणि मावशीने वाढलेल्या पेरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, पार गार होईस्तोवर माझ्याशी झटायची.

परीक्षेत मला न्यायची परवानगी होती. पण भातुकली म्हणून हसतील, या भीतीने कुणी नेत नसे.

"खेळणी आणलीस?" परीक्षेच्या दिवशी नोएलने वर्गाच्या दारातच विचारलं.

"हो. आणि तुला देणार नाहीये."

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिने झरझर काढलं. वेळ संपत आली होती, तरी तिने मला उघडलंच. खडखडाट झाला, माना वळल्या, आणि ती चावलेली लाल गोळी घरंगळत पर्यवेक्षकांच्या बुटाशी गेली.

"हा तुमचा ऑक्सिजन का?" त्यांनी विचारलं.

"हो सर, द्या लवकर, जीव गुदमरतोय!"

तिने कागदावरचा रेणू जोडला, या वेळी पांढऱ्या गोळ्यांसकट. एक काडी हातात उरली. काळी गोळी तिने सगळीकडून फिरवून पाहिली. मग दात-ओठ खात सगळं उत्तर खोडलं आणि नव्याने काढलं. शेवटची रेघ ओढली आणि घंटा झाली.

डॅरिया पास झाली! मला आनंद झाला आणि धडकीही भरली, कारण आता पुन्हा तळघर. मित्रांनो, जपायचं म्हणून आम्हाला कोंडून ठेवू नका. चावा पडला तरी चालेल, पण हाताळा.

तिने मला पुसलं आणि पहिल्या वर्षात शिकणाऱ्या आयव्हीच्या हातात दिलं.

"पाचवं भोक शोधत बसू नकोस गं," ती म्हणाली. "मी भर परीक्षेत शोधून आलेय. नाहीये."