सांडव्याचा उंबरा

"खाली कुणी राहत नव्हतं, असं तुम्ही पुराच्या अहवालात लिहिलंत," महजूबा म्हणाली आणि डोक्यावरचा दगड तिने इंजिनिअरच्या बुटांपासून हातभर अंतरावर टाकला. "माणूस होता तिथे. जन्मापासून होता."

इंजिनिअर मागे सरला. समोर तिच्या बांधाला मधोमध मोठं खिंडार पडलं होतं, दोन उंट शेजारी शेजारी जातील एवढं. तेवीस दिवस ती एकटी ते बुजवत होती आणि अजून कमरेइतकंही झालं नव्हतं.

"मावशी, मी नाही लिहिलं. कार्यालयाने लिहिलं."

"कार्यालयाला हात असतात का?"

असल्या प्रश्नांना उत्तर न देण्याचाच त्याला पगार होता.

दोन वर्षांपूर्वी याच कार्यालयाने डोंगराच्या खांद्यावरून रस्ता नेला, ओहोळ अडवला आणि पाणी मोरीतून पलीकडच्या घळीत सोडलं. विचारलं कुणालाच नाही. इथे विजेचा खांब नाही, नळ नाही, म्हणजे माणूसही नाही. डोंगरात कोरलेली दोन घरं, पावसाच्या पाण्याची दोन टाकी, शेळ्या, जैतुनाची एकतीस झाडं, सगळं नकाशावर कोरं. दोन हिवाळे बांधात घोट्याएवढंही पाणी साठलं नाही. आणि गेल्या महिन्यात आभाळ फाटलं, मोरी तुंबली, अडलेलं सगळं पाणी एकदम आपल्या जुन्या वाटेने खाली धावलं. महजूबाचा बांध फुटला. खालच्या बांधावर तिचा दीर अम्मार फावडं घेऊन उभा होता. तो पाच कोसांवर सापडला. फावडं सापडलंच नाही.

या घळीत एक रीत होती. वरच्याने बांध घालावा, पण सांडव्याचा उंबरा खालच्याने ठेवावा. उंबऱ्याच्या उंचीएवढं पाणी वर थांबणार, बाकीचं खाली जाणार. वरच्याच्या हाताला तहान असते, असं तिचा सासरा म्हणायचा. म्हणून वरच्याने त्या दगडाला बोट लावायचं नाही. दर वर्षी जव पेरण्याआधी अम्मार लाल टोपी सावरत वर यायचा, उंबरा गुडघ्याशी मापून चुन्यात बसवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, तुझ्या झाडांना सांग, घोट घोट प्यायचं. खाली पाहुणे आहेत." ती म्हणायची, सासऱ्याच्या घरात एवढा कंजूष कसा निपजला कोण जाणे. मग भट्टीतल्या जवाच्या रोट्या टोपलीत घालून द्यायची. त्याची बायको गेली तेव्हापासून त्याची भाकर तिच्याच भट्टीत भाजली जात होती. टोपली अंजिरं घेऊन परत यायची.

आज टोपली भट्टीशेजारी उपडी पडली होती.

इंजिनिअरने कागद काढले. नव्या वसाहतीत तिला खोली मिळणार होती, दिवा आणि नळासकट. फक्त अंगठा हवा होता. तो वाईट माणूस नव्हता, आवाज खाली आणून म्हणाला, "तो मजकूर तुमच्याही सोयीचा आहे, मावशी. वस्तीच नव्हती म्हटलं की चौकशी होत नाही. बांध का फुटला, कुणी विचारणार नाही. तुम्हालाही नाही."

महजूबाने ओढणीच्या टोकाने हात पुसले. बराच वेळ पुसले.

"या," ती म्हणाली.

ती पुढे झाली आणि बांधाच्या कडेला, सांडव्यापाशी जाऊन थांबली. बांध मधून गेला होता, पण सांडवा शाबूत होता. त्याच्यावर वाळलेल्या काटेरी झुडपाच्या फांद्या अजून अडकून होत्या. पाण्याने त्यासुद्धा नेल्या नव्हत्या. तिने त्या उघड्या हातांनी ओढून काढल्या. तळाशी काळा दगड होता, पाणी वाहून वाहून गुळगुळीत झालेला. त्याच्यावर दुसरा, पांढरा, वीतभर उंच, जवळजवळ बांधाच्या माथ्याला भिडणारा. त्याच्याभोवतीचा चुना ताजा होता.

"खालचा अम्मारचा," ती म्हणाली.

इंजिनिअरने वाकून ताज्या चुन्यावर नख ओढलं.

"तुम्ही पाणी तोडलंत. झाडं पिवळी पडली. आता येईल त्यातलं थेंबभरही खाली जाऊ द्यायचं नाही, असं मनात आलं. पुराच्या आदल्या गुरुवारी तो बाजाराला गेला, तेव्हा भर दुपारी मी वरचा ठेवला. संध्याकाळी त्याच्या टोपलीत एक रोटी जास्त घातली." तिच्या तळव्यांतून काट्यांनी रक्त काढलं होतं, तिने ते झग्याला पुसलं. "उंबरा त्याच्या मापाचा असता तर पाणी इथून वेळेवर निघालं असतं. बांधावरून चढलं नसतं. तुमची मोरी लिहा. रस्ता लिहा. त्याच्याखाली हाही लिहा."

त्याने पेनाला टोपण लावलं.

"हे कुणी विचारलेलं नाही, मावशी."

"मग मी विचारते." तिने एक काटेरी फांदी उचलून त्याच्या कागदांवर ठेवली. "खाली कुणी राहत नव्हतं ना? तर हे काटे मी कुणाला दिसू नये म्हणून टाकले होते?"

इंजिनिअरने खाली, अम्मारच्या घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि मान वळवली.

"इकडे बघा, साहेब. सांगा."