लाल पेन्सिलीची रेघ

बाथरूमच्या दाराशेजारी मोजपट्टी लावताना काँक्रीट कापणाऱ्या मिस्त्रीला भिंतीवर लाल पेन्सिलीची रेघ दिसली. ती त्याचीच होती. दोन वर्षांपूर्वी या घरातल्या म्हाताऱ्याने त्याला बोलावलं होतं. व्हीलचेअर दारातून आत जात नव्हती, म्हणून चार इंच भिंत कापायची होती. रेघ मारून झाली आणि म्हाताऱ्याचा मुलगा आडवा आला. "घरभर धूळ कोण झाडणार? तुम्हा लोकांना भिंती फोडायची भारी हौस!" मिस्त्रीचं डोकं सणकलं. तो मशीन उचलून तडक चालता झाला होता.

"बाबा कुठे आहेत?" त्याने आता विचारलं.

"मागच्या वर्षी गेले. शेवटी बाथरूमला उचलून न्यावं लागायचं, फार लाजायचे हो," मुलगा म्हणाला. "आता नवीन वॉशिंग मशीन आत जात नाहीये. धूळ फार होईल का?"

"नाही. आम्ही पात्यावर पाणी सोडून कापतो. धूळ उडतच नाही."

"अहो, मग हे तेव्हाच सांगायचं ना!"

मिस्त्रीने खाली वाकून पाण्याचा पाइप जोडला. त्याला मान वर करवेना.