घुमटासाठी साउंड कार्ड

एक माणूस चुकला तर ती त्या माणसाची चूक. पण बारा-चौदा माणसं एकाच जागी, एकाच वेळी आणि एकाच तऱ्हेनं चुकली, तर ती माणसांची चूक असूच शकत नाही, ती यंत्राची. हे सगुणबाबांचं तर्कशास्त्र होतं आणि त्यात खोट काढणं भल्याभल्यांना जमलं नसतं.

झालं होतं असं की, पेडण्याच्या एका कला मंडळानं घुमट आरतीची, म्हणजे कातडं ताणलेल्या मडक्याच्या ठेक्यावर म्हणायच्या आरतीची, स्पर्धा ठेवली होती. पहिल्या फेरीला नुसतं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. डिचोलीजवळच्या त्या वाड्यावरचं आरती मंडळ सगुणबाबांच्या घुमटावर चालायचं. पहिलं घुमट त्यांचं, ठेका त्यांचा, बाकीच्यांनी मागून यायचं. सगुणबाबांच्या सुनेनं, संजनानं, आपल्या लॅपटॉपवर सगळं टिपून घेतलं आणि घरी टीव्हीला जोडून मोठ्यानं ऐकवलं. सगुणबाब आरामात पाय पसरून बसले होते. तिसऱ्या कडव्याला ते ताठ झाले. आरती चालता चालता एकदम ठेचकाळली. घुमट, जोडीचा ढोल शामेळ, कासाळं नावाची झांज, गाणारे, सगळे एकदम अडखळले आणि पुन्हा सावरून चालू लागले. पुढं आणखी दोनदा तेच.

"हो कंप्युटर अडखळता गो," सगुणबाब म्हणाले.

सुमंगलाकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं आणि त्या भाजी चिरायला आत गेल्या. बोलण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. खाणीवर माती चाळणाऱ्या यंत्राच्या शेजारी अख्खी नोकरी काढलेल्या माणसाचे कान कसे राहतात, हे त्यांना नवऱ्याच्या निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. सगुणबाबांना मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मते हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. बायकोचा आवाज तेवढा वयाबरोबर खणखणीत होत चालला होता आणि त्याचं त्यांना कौतुक वाटायचं.

पण हे रेकॉर्डिंग गेलं असतं तर ठपका कंप्युटरवर कोण ठेवणार? ठेका ज्याचा, ठपका त्याचा. यंदा पहिलं घुमट पांडुरंगाला द्यावं अशी कुजबुज वाड्यावर होती, ती सगुणबाबांच्यासुद्धा कानावर आली होती. म्हणजे ती किती मोठ्यानं चालली असेल बघा. पांडुरंग त्यांचाच शिष्य, त्यांच्या डावीकडे बसणारा. हात चांगला, पण पहिलं घुमट म्हणजे काय पोदेराकडून पाव आणण्याइतकं सोपं आहे? ते वडिलांनी त्यांच्या मांडीवर ठेवलं होतं आणि ते तिथून हलणार नव्हतं.

"पप्पा, लॅपटॉपातलें साउंड कार्ड साधें आसता," संजना म्हणाली. "भायलें एक घेतलें तर आवाज बरो येतलो."

ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. सगळं खरंही नव्हतं. संजना बँकेतून घरी आली की संध्याकाळी दार लावून कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर गोळ्या झाडण्याचा एक खेळ खेळायची. घरात ह्याला 'संजनाचं ऑफिसचं काम' म्हणत. तिच्या नवऱ्याची, गौरेशची, नोकरी वास्कोच्या बंदरात. तो महिन्यातून एखाद्या शनिवारी घरी यायचा, त्यामुळे बाकीचे दिवस ऑफिसचं काम भरपूर असायचं. पण मैत्रिणींची तक्रार होती की संजनाचा आवाज खरखरतो, आणि संजनाची तक्रार होती की शत्रू मागून येतो ते पाऊल तिला ऐकू येत नाही. साउंड कार्ड तिला हवंच होतं. सासऱ्यांनी खापर बरोबर जागी फोडलं, तर सुनेनं ते हात धरून का अडवावं?

शुक्रवारी दोघं म्हापशाला गेली. बाजारच्या गर्दीतून वाट काढत, मिरच्यांच्या आणि चुड्यांच्या राशी ओलांडून, कंप्युटरच्या दुकानात शिरली. दुकानदार विशाल हा बांद्याकडचा, गिऱ्हाइकाला पाहून बोली बदलणारा.

"काका, नेमका कशाक होया?"

"घुमटाक."

विशालनं आजवर सिनेमाला, गाण्याला, खेळाला, ऑनलाइन शिकवणीला साउंड कार्डं विकली होती. घुमटाला पहिल्यांदाच. तरी तो डगमगला नाही. त्यानं दोन वस्तू काउंटरवर ठेवल्या. एक होती राखाडी रंगाची पत्र्याची पेटी, दोन बटणं फिरवायची, माइक लावायला भोक, दिसायला विजेच्या मीटरसारखी. "गाणारे हीच नेतत," तो म्हणाला. दुसरी काळी, गोल, प्लॅस्टिकची, कडेनं निळा दिवा फिरणारी. "ही मूळ खेळाची. पण गाण्याकय चलता. दोनय कामां, आणि खिशाक परवडणारी."

"दोनय कामां," संजना हळूच म्हणाली.

"आवाज वेळार पावता मरे?" सगुणबाबांनी विचारलं. "आमचो कंप्युटर मदींच अडखळता."

"म्हणजे लॅटन्सी," विशाल म्हणाला. "आवाज आत जाऊन बाहेर येईसर जो उशीर होता, तो. ह्येच्यात एकदम कमी."

लॅटन्सी! आपल्या दुखण्याला नाव मिळालं की माणसाला अर्धं बरं वाटतं. सगुणबाबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग त्यांनी ते केलं जे त्यांनी आयुष्यभर कुंभाराच्या दारात केलं होतं. घुमटाचं मडकं घेताना ते उचलून नखानं टिचकी मारतात. नाद खणखणीत आला तर मडकं पक्कं, बद्द आला तर कुठंतरी तडा. सगुणबाबांनी पत्र्याची पेटी उचलली, कानाजवळ धरली, टिचकी मारली. पेटी आतून गच्च भरलेली, ती मुकाट राहिली. मग गोल डबी उचलली. ती पोकळ होती, टणकन वाजली.

"हिचो नाद बरो," ते म्हणाले. "ही दी."

विशालनं संजनाकडे पाहिलं. संजना छताच्या पंख्याकडे पाहत होती. पेटी की डबी हा प्रश्न तिच्या घशाशी आला होता, आणि सासऱ्यांनी तो नखाच्या टोकानं सोडवला. परतताना बस उशिरा सुटली तेव्हा सगुणबाब कंडक्टरला म्हणाले, "तुमची लॅटन्सी वाडली." कंडक्टरनं पास काढून दाखवा म्हणून सांगितलं.

दोन संध्याकाळी डबीनं ऑफिसचं काम केलं आणि संजनानं पाठीमागून येणारे पुष्कळ शत्रू वेळेत मारले. रविवारी डबी देवळाच्या मंडपात आली. मंडळ घोंगडीवर मांडी ठोकून बसलं. माइक सगुणबाब आणि पांडुरंग यांच्या मधे ठेवला, डबीचा निळा दिवा फिरायला लागला आणि सगुणबाबांनी तिच्याकडे नव्या सुनेकडे पाहावं तसं पाहिलं. आरती रंगली. घुमटावर हात असा पडत होता की मंडपाचे खांब हलावेत. शेवटी सगुणबाबांनी घाम पुसला आणि ते म्हणाले, "आतां पेडण्याक कळतलें."

घरी येऊन संजनानं हेडफोन लावून ऐकायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा उतरला. त्या डबीवर एक बटण होतं. खेळताना घरातला गोंगाट मैत्रिणींना ऐकू जाऊ नये म्हणून ते दाबलं की माणसाचं बोलणं तेवढं ठेवून डबी बाकी सगळं गाळून टाकते. कुकरची शिट्टी, पंखा, कुत्रं, सगळं. बटण आदल्या संध्याकाळचं चालूच राहिलं होतं. डबीनं इमानेइतबारे काम केलं होतं. घुमट तिला गोंगाट वाटलं. शामेळ गोंगाट, कासाळं गोंगाट. गाणं कुठं विहिरीतून आल्यासारखं यायचं, कुठं नाहीच. माइकजवळ जे हलक्या आवाजात बोललं गेलं होतं तेवढं मात्र लख्ख उरलं होतं.

"पप्पा, बिघडलां. परत करूया," ती घाईघाईनं म्हणाली.

"कशें बिघडलां? दी हांगा." कदेल ओढून ते बसले आणि त्यांनी हेडफोन स्वतःच कानांवर चढवले.

संजनानं विनवलं. पण हट्टी माणसाला हेडफोन लावल्यावर विनवून काय उपयोग? त्यांनी आवाज पुरता वाढवला. आधी नुसती शांतता. मग पांडुरंगाचा आवाज, कानात तोंड घालून बोलावा इतका स्पष्ट. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या पांडुरंगाचा आवाज त्यांनी इतका जवळून कधी ऐकला नव्हता.

"बाब सुटलो... धरात... ना, ना, फाटीं वता... चुकात! सगळे चुकात! हां... आतां परत."

शांतता. पुन्हा: "परत सुटलो. चुकात."

मग दोन आरत्यांच्या मधे शामेळवाल्या दत्तारामचा आवाज: "पांडू, कितले दीस असो चलतलो हो खेळ?"

आणि पांडुरंग: "चलता तितले दीस. ताका आयकूंक येना. आमकां येता मरे? मागीर चुकूंक आमचें काय जाता?"

सगुणबाबांनी हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले. संजनाला वाटलं, आता आभाळ फाटणार. तिनं बटणाचं सांगून टाकलं, खेळाचंही सांगून टाकलं, दोनय कामांचं, सगळं. ते तिच्याकडे बघत होते, पण ती काय बोलते ते त्यांना ऐकू येत नव्हतं. ऐकू येत नाही हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि फार वाईट वाटलं. कंप्युटर कधीच अडखळला नव्हता. अडखळत होते ते स्वतः, आणि मंडळ त्यांना झाकायला मुद्दाम अडखळत होतं.

पुढचा दिवसभर त्यांनी मंडळाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. माझ्या पाठीमागं कारस्थान! आणि तेही माझ्या डाव्या कानाशी बसून! संध्याकाळी तालमीला जाताना त्यांनी भाषण पुरतं तयार केलं होतं. पण भाषणाआधी पुरावा हवा म्हणून ते गप्प बसले आणि घुमट गळ्यात घातलं.

दुसऱ्या कडव्याला, जिथं शाळकरी पोरगंही चुकणार नाही तिथं, त्यांनी मुद्दाम हात उशिरा टाकला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पांडुरंगाचे ओठ हलले आणि शामेळ उशिरा आलं, कासाळं उशिरा आलं, गाणाऱ्यांनी शब्द ताणून धरले. एकाच्याही चेहऱ्यावर रेष नाही. जणू गणपतीनं ही आरती अशीच ऐकायला मागितली होती. सगुणबाबांनी आणखी वाईट चूक केली. मंडळानं आणखी वाईट चूक केली. मग त्यांनी ठेका एकदम पळवला. गाणाऱ्यांची बिचाऱ्यांची बोबडी वळली, कासाळंवाल्याला ठसका लागला, पण सगळे त्यांच्या मागून धावत आले.

भाषण तिथंच संपलं. इतकी माणसं आपल्यासाठी इतक्या सफाईनं चुकतात, त्यांच्यावर रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? बरोबर वाजवण्यापेक्षा हे कितीतरी कठीण काम. लाज वाटली, आणि त्याहून जास्त ह्या सगळ्या गाढवांविषयी माया दाटून आली. त्यांनी हात थांबवला. गळ्यातला पट्टा काढला आणि घुमट पांडुरंगाच्या मांडीवर ठेवलं.

"हात दुखता काय, बाब?" पांडुरंगानं मोठ्यानं विचारलं.

"हात बरो आसा. कान गेलेत."

दत्ताराम घोंगडीचे धागे ओढायला लागला.

"तुमकां सगळ्यांक खबर आसलें. माकाच ना," सगुणबाब म्हणाले. "आतांसून पयलें घुमट पांडूचें. आनी एक आयकात. तो चुकलो तर कोणें सांबाळूंक जावचें ना. थंयच थांबवचो आनी तोंडार सांगचें. माका सांगूंक कोणाक धीर जालो ना, पूण ताका सांगात. उपकार म्हणून तरी सांगात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पांडुरंगानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सगुणबाबांनी कासाळं मागून घेतलं आणि ते त्याच्या शेजारी अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले, हात दिसावा म्हणून. संजनानं बटण बंद असल्याचं दोनदा पाहिलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पेडण्याला पाठवायचं ते हेच, कारण उद्या मुदत संपत होती.

पांडुरंगानं सुरुवात चांगली केली. पण पहिल्या घुमटाचं वजन पहिल्यांदा मांडीवर आलं होतं आणि गुरू शेजारी बसून बोटांकडे टक लावून बघत होता. दुसऱ्या कडव्याला त्याचा हात उशिरा पडला आणि ठेका निसटला. सगुणबाबांनी तो डोळ्यांनी पाहिला. मंडळातल्या सगळ्यांनी गाता गाता त्यांच्याकडे पाहिलं. थांबवायचं, तोंडावर सांगायचं. नियम त्यांचाच होता, घोटभर चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळापूर्वीच केलेला.

सगुणबाबांनी कासाळं वर उचललं, पांडुरंगाच्या हाताइतकंच उशिरा खाली आणलं, आणि मग सगळं मंडळ त्यांच्यामागून चुकलं.