सुटू नये म्हणून

ओल्मेदोच्या हातून रिव्हॉल्व्हर तळ्यात पडलं, त्या दिवसापासून कोळंबीच्या तळ्यांवरचे सगळे त्याला लोणीहात म्हणू लागले.

खरं तर त्यात त्याचा दोष नव्हता. तळ्याचं दार उघडून माल काढायला लागले की पहारेकरी असो नाहीतर स्वयंपाकी, प्रत्येकाला पेट्या भरायला जुंपतात. होडीवाले चोर आले तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत कोळंबीने बुळबुळीत झाले होते. त्याने कमरेचं हत्यार उपसलं आणि ते साबणाच्या वडीसारखं निसटून बुडुक्कन पाण्यात गेलं. चोर पोट धरून हसले. त्यांनी सगळा माल होडीत भरला आणि त्याला बोटही न लावता खाडीतून निघून गेले.

मुकादम किंतेरो मात्र हसला नाही. गाळ उपसून हत्यार बाहेर काढल्यावर त्याने ओल्मेदोला आणि त्याच्या जोडीदाराला, एर्मेलला, समोर उभं केलं.

"माल गेला तर पुढच्या भरतीला दुसरा येईल. पण हे हत्यार पुन्हा गेलं तर दोघांनीही केळीच्या बागेत घड वाहायला जायचं. कळलं?"

एर्मेल हा ओल्मेदोच्या धाकट्या बहिणीचा, दिग्नाचा नवरा. एकाच चौकीवर दोघं पाळीने पहारा करायचे आणि दोघांत मिळून हत्यार एकच होतं. एकाची पाळी संपली की ते पट्ट्यासकट दुसऱ्याच्या कमरेला जायचं.

"मनाला लावून घेऊ नकोस, दादा," परतताना बांधावर एर्मेल म्हणाला. "पडलं म्हणून तू वाचलास. शिर सलामत तर पगडी पचास."

"तुला काय जातंय बोलायला. लोणीहात तुला नाही म्हणत कुणी."

"म्हणू देत की! मला तुपाचा हात म्हटलं तरी चालेल. होडी दिसली की मी टाकून देणार. दिग्नाने देवीपुढे शपथ घ्यायला लावलीय, माहितेय ना तुला?"

माहीत होतं. त्या खाडीत ही रीत लहान पोरालाही माहीत होती: होडी आली की हत्यार खाली आणि हात वर. रिकाम्या हाताच्या माणसावर होडीवाले गोळी वाया घालवत नसत. पण ओल्मेदोच्या डोक्यात रीत नव्हती, ते हसणं होतं. पन्नाशीच्या माणसाचं चारचौघांत नाक कापलं गेलं की तो कुठल्या थराला जाईल ते सांगता येत नाही. हा गेला सायकलवाल्याकडे.

रिव्हॉल्व्हर कुण्या जुन्या पोलिसाचं होतं. लाकडी मूठ वापरून वापरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. आधी त्याने तिला विजेच्या तारांची काळी चिकटपट्टी गुंडाळली. उन्हाने तिचा गोंद वितळला आणि हात बरबटले. मग पट्टी खरवडून काढली, पॉलिश पेपरने लाकूड खरखरीत केलं आणि सायकलवाल्याने फुकट दिलेल्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा घेऊन बसला. त्यातून मुठीएवढी नळी कापली, ती साबणाच्या पाण्यात बुडवली आणि ओढून ओढून मुठीवर चढवली. वाळल्यावर ती कातडीसारखी घट्ट बसली. हात कोळंबीच्या पेटीत बुचकळून त्याने पुन्हा पुन्हा धरून पाहिलं. हत्यार जरा म्हणून हललं नाही.

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. मुठीच्या बुडाला एक कडी होती. तिच्यात त्याने मासे धरायची नायलॉनची दोरी ओवली आणि दुसऱ्या टोकाला मनगटात घालायचा फास केला. साधा नव्हे, ओढला की आवळणारा, म्हणजे ओल्या हातावरून घसरायची भीतीच नको.

मुकादमाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "अरे वा! डोकं आहे की तुला." ओल्मेदोची छाती केवढी फुगली!

एर्मेलला तो फास बिलकूल आवडला नाही. "गाढवाला बांधतात तसं काय हे? मी नाही घालणार."

"फेकायचं तेव्हा खुशाल फेक, मी कुठे नको म्हणतोय? चुकून पडायला नको एवढंच. पुन्हा पडलं तर माझ्याबरोबर तूही घड वाहशील."

"बरं बाबा, घाल. तुझं समाधान होऊ दे."

ओल्मेदोने स्वतःच्या हाताने तो फास मेव्हण्याच्या मनगटात सारला. फेकायचं तेव्हा ते फेकलं कसं जाणार, हा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. इतकी उघड गोष्ट, पण नाही आली.

पुढची होडी भर दुपारी आली. भरती होती, माल निघत होता. एर्मेल दाराजवळच्या बांधावर होता. ओल्मेदो पाळी घ्यायला येत होता, पण अजून तळ्याच्या पलीकडेच होता, हातात जेवणाचा डबा. तिवरांच्या आडून होडी बाहेर आली तशी मजुरांनी पेट्या टाकल्या आणि चिखलात पालथे पडले. एर्मेलने दचकून हत्यार काढलं होतं.

"टाक ते! टाक!" होडीतून ओरडले.

आणि एर्मेलने टाकलं. ओल्मेदोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याची पाचही बोटं उघडी होती. मग रीतीप्रमाणे त्याने दोन्ही हात वर केले. हाताबरोबर हत्यारही वर गेलं. मनगटाला लोंबकळत, डोक्याच्या वर, नळी इकडेतिकडे फिरवत. होडीवाल्यांना एवढंच दिसलं की या माणसाने बंदूक उचलली. ओल्मेदो पलीकडून जिवाच्या आकांताने ओरडत होता, "दोरी आहे! दोरी आहे ती!" पाण्यावरून ते कुणाला ऐकू जाणार? दोन गोळ्या सुटल्या.

दुसऱ्या दिवशी एर्मेलची शवपेटी घराच्या पुढच्या खोलीत ठेवली होती. बायका प्रार्थना म्हणत होत्या. ओल्मेदो भिंतीशी बसून होता, त्याने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मुकादम किंतेरो पांढरा सदरा घालून आला, दिग्नाच्या खांद्यावर हात ठेवून चार शब्द बोलला आणि मग ओल्मेदोजवळ येऊन बसला.

"गडी चांगला होता," तो म्हणाला. "आणि एक सांगतो, दोरीमुळे हत्यार तरी वाचलं. बाकीच्या चौक्यांवरच्या हत्यारांनाही तशीच करून दे. ट्यूब, दोरी, काय लागेल ते मी आणतो."

दिग्नाने मान वळवली. "कसली दोरी?"

मुकादमाने मनगट पुढे करून तिला दाखवलं, कौतुकानेच. कडी कुठे, फास कसा आवळतो, सगळं. मग दुसरं कुणी आलं म्हणून तो उठून गेला. दिग्ना भावासमोर येऊन खाली बसली. रडून रडून तिचा आवाज पार बसला होता.

"दादा, तू होतास ना तिथे? त्याने टाकलं नाही का रे? देवीपुढे शपथ घेतली होती त्याने."

"टाकलं," ओल्मेदो म्हणाला. "हात पूर्ण उघडला होता त्याने, दिग्ना. मी पाहिला."

"मग?"

खोटं बोलायची त्याला फार इच्छा झाली. ती डोळे न हलवता त्याच्याकडे बघत होती.

"मग ते खाली पडलंच नाही," तो म्हणाला. "मी बांधलं होतं."