कडेची दोन बोटं

कान्हा पाटलाच्या लेकीचं, मनस्वीचं लग्न होऊन ती खांदेश्वरला सासरी गेली, त्याच वर्षी महाप्याच्या कारखान्यात उन्हावर वीज करणारी पातळ फिल्म छापायला घेतली. कान्हा त्या मशीनवर होता. त्याचे वडील खाडीकाठी मीठ पिकवत. घरी आता तो आणि अंथरुणाला खिळलेली बायको गोजरा, एवढीच माणसं.

प्रयोगशाळेत नखाएवढा तुकडा झकास चाले. लांब गुंडाळीवर मात्र वीज करणारी शाई कुठे जाड बसे, कुठे पातळ. निम्मा माल भंगारात जाई.

"सायेब, दुपारी खाडीचा वारा सुटला का शाई पांढुरकी सुकते," कान्हा एकदा बोलला.

"काका, इथे एसी आहे. आपण मीठ नाही पिकवत," खात्याचे इंजिनियर ऋषीसाहेब हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी छपाई सकाळी लावली. गुंडाळी स्वच्छ उतरली.

मग पाच कामगारांच्या घरी एकेक पट्टी दिली. लोकांच्या घरात पट्ट्या वर्षभर टिकल्या तर मोठं मशीन येणार, नाहीतर खातं बंद. कान्हाने आपली पट्टी खिडकीबाहेर बसवली आणि तिच्या विजेवर गोजराच्या उशाशी छोटा पंखा लावला. छताचा पंखा तिला सोसत नसे. पण पट्टीची कडा वाऱ्यावर फडफडे आणि तिची झोप मोडे. कान्हाने कात्रीने दोन बोटं रुंद कडा कापली. तिच्यावर शाई नव्हतीच.

चार महिन्यांत पट्टी कडेकडून तपकिरी पडत गेली. ती बघायला घरी आलेले साहेब शाईला दोष देऊ लागले, तेव्हा कान्हाला राहवेना.

"कडा मी कापली, सायेब. बायकोला झोप लागं ना."

"काका, ती कडाच झाकण होती! तिथूनच दमट हवा शिरली." साहेबांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "पण तुमच्यासारखा मशीनवरचा माणूस कापतो, तर गिऱ्हाईक कापणारच."

त्यांनी कंपनीला तसंच लिहून दिलं. दिवाळीत खातं बंद झालं. साहेब हैदराबादला गेले. कान्हाला पॅकिंगला टाकलं. तिथे त्याला वाऱ्याबद्दल कुणी काही विचारत नसे.

"पंखा दमला का वं?" गोजराने एका दुपारी विचारलं.

"दमला. तू नीज." तो पुठ्ठ्याने वारा घालत बसला.

पट्टी अजून खिडकीला आहे. गोजरा २०२४ साली, होळीच्या आदल्या दिवशी सकाळी वारली.