कोपराखालचा वळसा

शिंप्याच्या पत्राला डॉक्टरांनी उत्तर दिलं नव्हतं. एकवीस दिवस ते खणात पडून होतं. 'साहेब, पुन्हा छातीत दुखतंय. इथले डॉक्टर सतरा तारखेला सकाळी अँजिओग्राफीसाठी मनगटातून तार घालणार. मागे तुम्ही उजव्या हातातून सुरुवात केलीत आणि शेवटी मांडीतून गेलात. का, ते कागदावर द्या. इथे तोंडी कुणी ऐकत नाही. माझं पोट या हातावर आहे.'

आज चौदा तारीख होती.

का, ते डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. त्या दुपारी तार कोपराखाली अडली. अशा वेळी आधी हातात रंगाचं औषध सोडून फोटो घ्यायचा, मगच पुढे जायचं. पण बाहेर चार पेशंट खोळंबले होते. रक्तवाहिनी आखडली असेल असं धरून त्यांनी जोर लावला. फोटो घेतला तो नंतर. पडद्यावर रक्तवाहिनीचा कपाच्या कानासारखा वळसा दिसला आणि वळशाच्या टोकातून रक्त पाझरत होतं. बघता बघता हात टणक, काळानिळा झाला. दोन तास पट्टा आवळून ते उशाशी बसले, तेव्हा कुठे निभावलं. शुद्धीवर असलेला शिंपी उलट त्यांचेच आभार मानत होता.

अहवालात मात्र त्यांनी लिहिलं, 'रक्तवाहिनी आखडल्याने मार्ग बदलला.'

तिकडचा डॉक्टर हेच वाचणार. आखडण्यावरचं औषध देणार आणि निर्धास्तपणे तार रेटणार.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "लोकांच्या काळजापर्यंत तार नेता, आणि एक पाकीट पोस्टापर्यंत नेववत नाही?"

"लिहिलं तर माझी लबाडी उघडी पडेल."

"आणि नाही लिहिलं तर?"

डॉक्टरांनी पेन उघडलं. त्यांनी लिहिलं, 'उजवं मनगट नको. कोपराखाली वळसा आहे. मी फोटो न घेता जोर लावला, रक्तवाहिनी फाटली. अहवालात ते लपवलं.' सोबत त्यांनी त्या दिवसाचा फोटो जोडला.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट तोललं.

"कधी पोचेल?"

"दोन दिवस. कधी तीनही लागतात. इतकी घाई होती तर आधी यायचं ना, काका!"

त्यांनी मान खाली घातली. बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.